जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालवायचंय? पहिल्यांदा व्हर्च्युअल मशीन बसवणाऱ्यांसाठी

नवा कॉम्प्युटर घेतला, सगळं हलवून झालं, आणि ज्याच्यावर खरं काम चालतं ते एकच सॉफ्टवेअर नेमकं अडून बसलंय, अशी तुमची गत असेल तर हे वाचा. कधी ते कुणीतरी फार पूर्वी लिहून दिलेलं फॉक्सप्रोचं हिशेबाचं पॅकेज असतं, कधी पानं लावायचं पेजमेकर असतं कारण जुन्या अंकांच्या सगळ्या फायली त्यातच आणि त्याही युनिकोडच्या आधीच्या देवनागरी फॉन्टमध्ये, तर कधी चांगला धडधाकट स्कॅनर असतो पण त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे कुणी काढलाच नाही. यावरचा रस्ता म्हणजे नव्या सिस्टिमच्या आत जुनी सिस्टिम चालवायची. मी हे आधी स्वतःसाठी केलं, मग ओळखीतल्यांना बसवून देत गेलो, आणि लोक अडकतात त्या जागा जवळपास ठरलेल्याच आहेत. तिथे जरा सविस्तर लिहितो, जिथे नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करायचंय तिथे भरभर पुढे जातो.

पुढे होस्ट म्हटलं की तुमचा खरा कॉम्प्युटर, गेस्ट म्हटलं की त्याच्या आत चालणारी जुनी सिस्टिम, आणि व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

१. आधी बघा, व्हीएम लागतंय तरी का

लोक थेट एक्सपीची सीडी शोधायला लागतात. थांबा. सॉफ्टवेअर का चालत नाहीये ते आधी कळू दे, कारण बरेचदा याहून सोपं काहीतरी असतं.

६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. ३२ बिटच्या विंडोजमध्ये त्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा, ६४ बिटमध्ये तो दिलेलाच नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती तरी होती, २०२१ मध्ये विंडोज ११ आलं ते ३२ बिटमध्ये आलंच नाही. म्हणजे डॉसचे आणि विंडोज ३.१ च्या जमान्यातले प्रोग्राम नव्या मशीनवर उघडणार नाहीत, कम्पॅटिबिलिटी मोड कितीही बदलून बघा.

३२ बिटचे प्रोग्राम मात्र विंडोज ११ वरही चालतात, त्यांचं घोडं अडतं ते दुसऱ्याच कशावर तरी. नेहमीचा प्रकार म्हणजे प्रोग्राम ३२ बिट पण त्याचं सेटअप १६ बिट. नव्वदच्या दशकातल्या सीड्यांमध्ये हे फार दिसतं, सेटअप उघडत नाही म्हणून लोक प्रोग्रामच गेला असं धरून चालतात. जुन्या मशीनवरचा त्याचा अख्खा फोल्डर कॉपी करून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं.

माझा स्वतःचा क्रम असा:

- डॉसचा प्रोग्राम असेल तर आधी डॉसबॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्स, हे डॉसच्या मशीनची नक्कल करतात. ऑफिसचं काम आणि प्रिंटिंग असेल तर व्हीडॉस बघा, ते त्याच कामासाठी बनवलंय.
- विंडोज ३.१ चा १६ बिट प्रोग्राम असेल तर ओटीव्हीडीएम नावाचं फुकट टूल ६४ बिट विंडोजवरही चालतं, ते एकदा लावून बघा.
- ३२ बिटचा प्रोग्राम असेल तर प्रोग्राम फाईल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये टाका आणि एक्सपीचा कम्पॅटिबिलिटी मोड द्या. जुने प्रोग्राम आपल्याच फोल्डरमध्ये फायली लिहायला जातात आणि नवं विंडोज तिथे लिहू देत नाही, एवढीच भानगड असते कधीकधी.
- ड्रायव्हर, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला जोडावी लागणारी छोटी हार्डवेअर किल्ली) किंवा जुनं ऑफिस नाहीतर जुना डेटाबेस लागतोच असं काही असेल तर मग सरळ व्हीएम.

डॉसवाल्यांना एक खास सांगायचंय. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम उघडताक्षणी 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. सुरू होताना ते प्रोसेसरचा वेग मोजायला एक भागाकार करतात, आणि प्रोसेसर इतका वेगवान निघतो की उत्तर ठरलेल्या जागेत मावतच नाही. हे व्हीएममध्येही पडणार! कारण व्हीएमला प्रोसेसर मिळतो तो तुमचाच, पूर्ण वेगाने. डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी करून मशीन मुद्दाम हळू करता येतं, म्हणून अशा प्रोग्रामला तेच बरं.

२. काय काय गोळा करायचं

हे सगळं हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका, अर्ध्यात अडकलं की वैताग येतो.

- जुन्या विंडोजची इन्स्टॉलेशन सीडी किंवा तिची आयएसओ फाईल (अख्ख्या सीडीची एका फाईलमधली नक्कल), आणि तिची प्रॉडक्ट की
- तुमच्या सॉफ्टवेअरचं सेटअप, त्याचा सिरियल नंबर, असेल तर डोंगल
- डिव्हाइससाठी करताय तर त्याचा जुना ड्रायव्हर
- सगळ्या जुन्या डेटाची एक कॉपी, वेगळ्या डिस्कवर
- होस्टवर ८ जीबी रॅम आणि ४० जीबीच्या आसपास मोकळी जागा, हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी असेल तर फारच बरं
- होस्टवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, ही का लागते ते पुढच्याच पायरीत येतंय

सीडी असेल तर ती आधी आयएसओ करून ठेवा, जुन्या सीड्या कधी दगा देतील सांगता येत नाही आणि नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतोच.

लायसन्सचं नीट बघा. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं, वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं. आणि कुठल्यातरी साइटवर 'एक्सपी लाइट, आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेलं' अशा तयार डिस्क फायली मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. आत काय भरून ठेवलंय ते तपासायला तुमच्याकडे काहीही साधन नाही, आणि तुम्ही त्यात तुमचा हिशेब टाकणार आहात.

एक्सपीच घ्यायचं की विंडोज ७? माझं मत, सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीवर चालत असेल तर तेच घ्या, त्यात १६ बिटचे प्रोग्रामही चालतात. एक्सपी हलकं आहे, पटकन सुरू होतं, आणि ड्रायव्हर एक्सपीचाच असेल तर पर्यायही नाही. एक्सपी घेणार असाल तर सर्व्हिस पॅक ३ असलेलीच घ्या.

विंडोज ९५ आणि ९८ मात्र आजच्या व्हीएममध्ये रडवतात. व्हर्च्युअलबॉक्सचे (आपण पुढे वापरणार ते व्हीएम सॉफ्टवेअर) ड्रायव्हर त्यांच्यासाठी नाहीतच, आणि ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम दिली तर तेही त्याला झेपत नाही. त्यांच्यासाठी ८६बॉक्स बघा, ते जुन्या मशीनची अख्खी नक्कल करतं, हळू असतं पण शहाण्यासारखं चालतं.

३. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली 'व्हर्च्युअलायझेशन' असं दिसेल. एनेबल्ड असेल तर सरळ पुढच्या पायरीवर जा.

डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावं लागेल. मशीन सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबायचं, कुठलं बटण ते मशीनवर अवलंबून आहे. त्या घाईत पडायचं नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप, आणि मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असा आरामाचा रस्ता आहे. इंटेलच्या मशीनवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स' असं काहीतरी असतं. एएमडीवर 'एसव्हीएम मोड' असतं, आणि ते बरेचदा ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेलं असतं त्यामुळे लोकांना सापडतच नाही.

आता ती रिकव्हरी की. बायोसमधली सेटिंग बदलली की बिटलॉकरला संशय येऊ शकतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना तो ४८ आकडी की मागतो. की नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला बंद. पुष्कळ लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, तेव्हा 'माझ्याकडे बिटलॉकर नाहीये' असं गृहीत न धरता आधी तपासा. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते, ती कागदावर उतरवून घ्या आणि मगच बायोसला हात लावा.

४. कुठलं व्हीएम सॉफ्टवेअर घ्यायचं

मी नवख्यांना व्हर्च्युअलबॉक्स सांगतो. फुकट आहे, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि अडलं तर मदत भरपूर मिळते. फक्त त्याचं एक्स्टेंशन पॅक वेगळ्या लायसन्सवर येतं, घरगुती वापराला आणि शिकायला फुकट, धंद्याच्या कामाला नाही. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ चा सपोर्ट मूळ सॉफ्टवेअरमध्येच आलाय, त्यामुळे बहुतेकांना ते पॅक लागतच नाही. जुने लेख वाचून उगाच टाकू नका.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावं लागायचं, २०२४ पासून तेही फुकट झालंय. ग्राफिक्सचं काम असेल तर मला ते जास्त सफाईदार वाटतं.

हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हीएम सॉफ्टवेअर विंडोजच्या प्रो आवृत्तीत येतं, होममध्ये नाही. आपल्या कामाला मी ते सुचवत नाही, कारण साधं यूएसबी डिव्हाइस त्यात गेस्टला थेट देता येत नाही, आणि आपल्यापैकी अर्ध्यांचं दुखणं तर डोंगल नाहीतर स्कॅनर हेच असतं.

मॅकवाल्यांनो, मॅक इंटेलचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच घ्या. २०२० पासूनच्या एम१ आणि त्यापुढच्या चिपवर मात्र जुनं विंडोज व्हर्च्युअलाइझ होत नाही कारण प्रोसेसरची जातच वेगळी आहे, तिथे यूटीएम घेऊन इम्युलेशन, म्हणजे जुन्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरमधून नक्कल, करावं लागतं. एक्सपी त्यात चालतं, पण सावकाश.

५. कासव दिसलं तर

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम सुरू केल्यावर खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे छोटी छोटी चिन्हं असतात. त्यात निळ्या व्हीच्या जागी हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजने स्वतःचा हायपर-व्ही आधीच चालू करून प्रोसेसरच्या त्या सोयीवर बस्तान मांडलंय, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. चालतं, पण खरंच कासवासारखं, आणि एक्सपी तर मधेच गोठतंसुद्धा.

'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा आणि त्यात हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा. एवढं करूनही कासव जात नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी, ते बंद करून मशीन रीस्टार्ट करा.

पण हे डोळे झाकून करू नका. मेमरी इंटिग्रिटी ही संरक्षणाची सोय आहे, ती काढणं म्हणजे होस्टचं एक कुलूप काढणं. आणि मशीनवर डब्ल्यूएसएल २ किंवा डॉकर वापरत असाल तर वरच्या खुणा काढल्यावर ते बंद पडतील. कासव असूनही तुमचं काम नीट होत असेल, महिन्यातून एकदा हिशेब काढायचा एवढंच असेल, तर राहू द्या की ते कासव.

६. व्हीएम बनवा

'न्यू' दाबा, नाव द्या, आयएसओ निवडा. इथे पहिला सापळा: अनअटेंडेड इन्स्टॉलेशन होऊ देऊ नका, 'स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' अशी चौकट असेल तर तिच्यात खूण करा. होऊ दिलं तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच सगळी उत्तरं भरून इन्स्टॉल करायला जातं आणि प्रॉडक्ट कीपाशी अडकतं, नाहीतर स्वतःच्या मनाने युझर बनवून मोकळं होतं.

व्हर्जनच्या यादीत 'विंडोज एक्सपी ३२ बिट' बरोबर निवडा. ही नुसती नावापुरती निवड नाही, त्यावरून डिस्क, नेटवर्क, आवाज, डिस्प्ले यांची जुन्या सिस्टिमला ओळखू येतील अशी उपकरणं आपोआप लागतात. एक्सपीसाठी माझे आकडे:

- रॅम १ जीबी. जास्त दिली तर फायदा नाही, आणि ३२ बिट सिस्टिम ४ जीबीच्या पुढे बघतच नाही.
- प्रोसेसर १. नंतर २ करायचा मोह आवरा, एक्सपी इन्स्टॉल होताना हार्डवेअर बघून स्वतःला बेततं आणि मागून बदललेलं त्याला चालत नाही.
- डिस्क २० जीबी, डायनॅमिक. म्हणजे फाईल छोटीच सुरू होते आणि लागेल तशी फुगते.
- डिस्क कंट्रोलर आयडीई. साटा नाही. एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो, मग निळा स्क्रीन येतो आणि कोडच्या शेवटी ७बी दिसतं.
- ईएफआयची खूण काढलेली.

विंडोज ७ असेल तर रॅम २ जीबी, डिस्क ४० जीबी, बाकी यादी जे देईल ते ठेवा.

व्हीएमचा फोल्डर वनड्राइव्ह किंवा तसल्या सिंक होणाऱ्या जागी ठेवू नका. अनेक जीबींची फाईल सतत बदलत असते आणि सिंकवाला ती मधेच पकडतो, त्यातून फाईल खराब व्हायला वेळ लागत नाही. फॅट३२ असलेल्या पेन ड्राइव्हवरही नाही, तिथे ४ जीबीच्या वर एक फाईल जातच नाही.

नेटवर्क अ‍ॅडॉप्टर आत्ता 'नॉट अटॅच्ड' ठेवा. मग स्टार्ट करा आणि नेहमीसारखं विंडोज इन्स्टॉल करा. माऊस आत अडकला असं वाटलं तर उजवीकडचं कंट्रोल बटण दाबा, बाहेर येतो. एक्सपीला अ‍ॅक्टिव्हेशनसाठी ३० दिवस मिळतात.

७. गेस्ट अ‍ॅडिशन्स टाका

इन्स्टॉल झाल्यावर स्क्रीन छोटा, रंग फिके, माऊस अडखळतोय असं दिसेल, घाबरू नका. डिव्हायसेस मेनूमधून गेस्ट अ‍ॅडिशन्सची, म्हणजे गेस्टसाठीच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरांची, सीडी घाला, आतल्या माय कॉम्प्युटरमधून तिचं सेटअप चालवा, रीस्टार्ट करा. एक्सपी 'हा ड्रायव्हर तपासलेला नाही' असं दरडावतं, कंटिन्यू एनीवे करा.

आता खिडकी ओढाल तसा स्क्रीन बदलतो, कॉपी-पेस्ट होस्ट आणि गेस्टमध्ये चालवता येतं, आणि शेअर्ड फोल्डर जोडता येतो. होस्टवर एक वेगळा रिकामा फोल्डर बनवा, सेटिंग्जमध्ये शेअर्ड फोल्डर म्हणून तो द्या, ऑटो-माउंट करा, आत तो ड्राइव्हसारखा दिसेल. तुमचा अख्खा डॉक्युमेंट्स फोल्डर देऊ नका. गेस्टमध्ये काही घुसलं तर त्या फोल्डरमधल्या सगळ्यापर्यंत त्याचा हात पोचतो.

८. सेटअप हरवलंय, पण जुनं मशीन अजून चालतंय

हे फार लोकांचं असतं. ज्याने लिहून दिलं तो गेला, सीडी नाही, पण कोपऱ्यातल्या जुन्या डब्यावर सगळं चालतंय. अशा वेळी त्याची डिस्कच उचलून व्हीएममध्ये आणायची.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्ये डिस्क२व्हीएचडी नावाचं फुकट टूल आहे. ते डिस्कची व्हीएचडी फाईल बनवतं आणि व्हर्च्युअलबॉक्स ती थेट उघडतं. त्याची आत्ताची आवृत्ती व्हिस्टापासून पुढेच चालते, त्यामुळे जुन्यावर एक्सपी असेल तर त्याची डिस्क काढा, यूएसबी अडॅप्टरने नव्या मशीनला जोडा आणि तिथून फाईल बनवा. बनवताना व्हीएचडीएक्सची खूण काढा, आणि फाईल त्याच डिस्कवर सेव्ह करू नका.

डिस्क काढण्याआधी मात्र एक काम. जुन्या मशीनवर एक्सपी चालू असतानाच मर्जआयडीई नावाची छोटी रजिस्ट्री फाईल चालवून घ्या, तिने आयडीईचे सर्वसाधारण ड्रायव्हर नोंदवले जातात. ते न करता डिस्क आणली तर तोच ७बी वाला निळा स्क्रीन भेटतो, कारण एक्सपीला फक्त जुन्या मदरबोर्डचा कंट्रोलर ठाऊक असतो. हार्डवेअर बदललेलं बघून अ‍ॅक्टिव्हेशन पुन्हा मागेल, आणि ओईएम लायसन्सबद्दल वर लिहिलंय ते इथेही लागू आहे.

व्हीएममध्ये सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका, भंगारात देऊ नका.

९. डोंगल, स्कॅनर, प्रिंटर

यूएसबी डिव्हाइससाठी व्हीएम बंद असताना सेटिंग्जमध्ये यूएसबी उघडा आणि एक्सपी असेल तर यूएसबी २ चा कंट्रोलर निवडा. ३ निवडलात तर एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही, काहीच दिसणार नाही, आणि दोष डोंगलला दिला जातो. मग प्लसच्या चिन्हावरून तुमचं डिव्हाइस फिल्टरमध्ये घाला. पुढे व्हीएम चालू असताना ते जोडलं की होस्टवरून गायब होईल आणि आत 'नवीन हार्डवेअर सापडलं' असं येईल, ड्रायव्हर तिथे टाकायचा. एका वेळी ते एकाच बाजूला असतं हे लक्षात ठेवा, होस्टवर दिसत नाही म्हणून बिघडलंय असं नाही.

होस्ट लिनक्स असेल आणि यूएसबीची यादीच रिकामी दिसत असेल तर तुमचा युझर व्हीबॉक्सयूझर्स या ग्रुपमध्ये घालून लॉगआउट-लॉगइन करा.

पॅरलल पोर्टचं जुनं डोंगल ही खरी डोकेदुखी आहे. नव्या मशीनला तो पोर्टच नाही, आणि यूएसबीचे पॅरलल अडॅप्टर प्रिंटरपुरते असतात, डोंगलला ते बहुतेक चालत नाहीत. सॉफ्टवेअर कंपनी अजून हयात असेल तर यूएसबी डोंगल बदलून मागा. नसेल तर त्यापुरतं जुनं मशीनच सांभाळा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रिंटिंगला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे गेस्टमध्ये पीडीएफ प्रिंटर टाकायचा, फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये सोडायची, आणि होस्टवरून छापायची. नव्या प्रिंटरचा एक्सपी ड्रायव्हर शोधण्यात आयुष्य घालवू नका.

१०. इंटरनेट द्यायचं का

नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं मालवेअर आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी अपवाद म्हणून पॅच काढला होता, पण अपवादावर विसंबून राहण्यात काही अर्थ नाही. तसंही एक्सपीमधलं इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या बहुतेक साइट उघडतच नाही, मग ब्राउझिंगसाठी तर काही उपयोगच नाही.

अ‍ॅक्टिव्हेशनसारख्या एखाद्या कामाला लागलंच तर नेटवर्क अ‍ॅडॉप्टरला तेवढ्यापुरतं 'नॅट' लावा, काम झालं की पुन्हा 'नॉट अटॅच्ड'. सॉफ्टवेअरला होस्टशी नेटवर्कवरून बोलायचंच असेल तर 'होस्ट-ओन्ली' आहे. 'ब्रिज्ड' टाळा, त्यात तुमचं एक्सपी बाकीच्या मशीनच्या शेजारी उघडं बसतं. आणि एक्सपीला होस्टचं विंडोज शेअरिंग दिसावं म्हणून नव्या मशीनवर एसएमबी १ (शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करा असा सल्ला कुठे वाचलात तर तो सोडून द्या, शेअर्ड फोल्डरला त्याची गरजच नाही.

११. स्नॅपशॉट घ्या, पण डेटाचं भान ठेवून

सगळं बसलं, सॉफ्टवेअर चालतंय, की व्हीएम नीट शटडाउन करून स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या. पुढे काही बिघडलं तर एका क्लिकवर त्या दिवसाला परत जाता येतं, एक्सपीच्या काळात यासाठी अख्खा दिवस जायचा.

आता यातली मेख. परत जाताना सगळंच परत जातं. समजा जानेवारीत स्नॅपशॉट घेतला, जूनपर्यंत आत रोज एंट्र्या केल्या, मग काहीतरी अडकलं म्हणून रिस्टोअर दाबलं, तर पाच महिन्यांच्या एंट्र्या गायब. व्हर्च्युअलबॉक्स आत्ताच्या स्थितीचा स्नॅपशॉट आधी घेऊ का असं विचारतं, तिथली खूण काढू नका.

म्हणून डेटा बाहेर ठेवायचा. पेजमेकरच्या फायली, स्कॅन, पत्रं, असल्या सुट्या फायली सरळ शेअर्ड फोल्डरमध्ये राहू द्या. पण फॉक्सप्रोच्या डीबीएफ किंवा अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसबद्दल मी उलटं सांगेन, त्या चालू असताना शेअर्ड फोल्डरवर नकोत. हे प्रोग्राम फाईलला लॉक लावून काम करतात, शेअर्ड फोल्डरवर ते लॉक नीट लागतीलच असं नाही, आणि इंडेक्स बिघडायला एक वेळ पुरते. डेटाबेस आतल्या सी ड्राइव्हवरच चालवा आणि काम संपलं की त्याचा फोल्डर शेअर्डमध्ये कॉपी करा. दोन ओळींची बॅच फाईल बनवून डेस्कटॉपवर ठेवली की सवय लागते.

स्नॅपशॉटचे ढीग करू नका, दोन पुरेत. प्रत्येक पुढचा स्नॅपशॉट मागच्यावर उभा असतो, त्यामुळे जागा कमी पडली म्हणून फोल्डरमध्ये जाऊन एखादी फाईल हाताने उडवली तर सगळी साखळी तुटते. काढायचा तर व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच काढा, आणि त्या वेळी होस्टवर मोकळी जागा असू द्या, फायली एकत्र करायला ती लागते.

१२. बॅकअप

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. व्हीएम पूर्ण बंद करा, 'सेव्ह स्टेट' नाही तर खरंखुरं शटडाउन, आणि फाईल मेनूमधून एक्सपोर्ट करून ओव्हीए फाईल बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ही फाईल दुसऱ्या कुठल्याही मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये इम्पोर्ट होते, व्हीएमवेअरमध्येही बहुतेक वेळा उघडते. फक्त स्नॅपशॉट त्यात येत नाहीत, आत्ताची स्थिती तेवढी येते. शेअर्ड फोल्डर होस्टवर आहे म्हणजे तोही त्यात नाही, त्याची कॉपी वेगळी घ्या. व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती टाकण्याआधीही व्हीएम असंच शटडाउन करा, जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली स्टेट नवीत उघडेलच असं नाही.

एक्सपोर्ट झालं की ती फाईल एकदा इम्पोर्ट करून, सुरू करून, तुमचं सॉफ्टवेअर उघडून बघा, मगच जुन्या मशीनचं काय करायचं ते ठरवा. आणि व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये डिस्क्रिप्शनची एक रिकामी चौकट असते, तिथे सॉफ्टवेअरचा सिरियल नंबर, डेटाचा फोल्डर कुठला आणि डोंगल कुठल्या खणात ठेवलंय तेवढं लिहून टाका.